गुडघा वाकतो किती ते नंतर विचारा, सरळ किती होतो ते आधी सांगा

गेल्या वर्षी जानेवारीत माझा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन कुठे झालं, कोणी केलं ते इथे लिहीत नाही. त्या दीड-दोन तासांत कमरेत इंजेक्शन घेऊन मी पेंगत पडले होते, त्यामुळे त्या कामाची पारख करण्याचा मला अधिकार नाही. हे लिहिते आहे ते त्यानंतरच्या साडेतीन महिन्यांबद्दल, म्हणजे पुण्यात पेरुगेटापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका छोट्या फिजिओथेरपी सेंटरबद्दल. सेंटरचं नाव देत नाही, कारण तिथल्या मॅडमनी बजावलं आहे, "काकू, लिहा हवं ते, पण नाव टाकू नका. बॅच भरलीय." आमच्या पेठांत गिऱ्हाईक नको म्हणणारे दुकानदार मी जन्मापासून पाहते आहे, पण इतक्या गोड आवाजात कोणी म्हटलं नव्हतं.

मी सदुसष्ट वर्षांची. पोस्टात चौतीस वर्षं काउंटरवर काढली. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही, पायऱ्या शेहेचाळीस. निवृत्तीनंतर रोज पहाटे पर्वती चढायची. एकशेतीन पायऱ्या, वर देवदेवेश्वराला नमस्कार, पाच मिनिटं वारा, की खाली. मग तीन वर्षांत आधी रोजचं आठवड्यातून दोनदा झालं, मग पायथ्यापर्यंत जाऊन परत, मग तेही बंद. एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची फट नावालाही उरली नव्हती. हाडाला हाड घासत होतं.

गुडघा बदलायचं ठरलं की घराघरांत एकच चर्चा सुरू होते, धातू कोणता. आमच्याकडेही झाली. जावयांनी कोबाल्ट-क्रोमियम, टायटॅनियम, हाय-फ्लेक्स (म्हणजे जास्त वाकणारा) असा तक्ताच करून आणला. मी काउंटरवाली बाई, मला दर कळतात. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये या सांध्यांच्या किमतींना वरची मर्यादा घातली. साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सेटला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी. त्याआधी याच वस्तूचे दीड-दोन लाख मोजलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. बिल आलं तेव्हा फाइलमध्ये चिकटवलेले सांध्याचे स्टिकर मी एकेक करून बिलाशी ताडून पाहिले. तुम्हीही पाहा. पण इतका काथ्याकूट करणाऱ्या आमच्या घरात एकानेही विचारलं नाही, की नंतर व्यायाम कोण करून घेणार. "हॉस्पिटलवाले पाठवतील कोणीतरी," यावर विषय संपला.

आणि पाठवलं कोणीतरी. म्हणजे आम्हीच घरी येऊन फिजिओ देणाऱ्या एका सेवेला दहा खेपांचे साडेसहा हजार आधीच भरून ठेवले होते. नाव त्यांचंही नको. दहा खेपांत तीन वेगवेगळी मुलं आली. प्रत्येकाने पहिल्यापासून विचारायचं, "आजी, कोणता पाय?" क्रेप पट्टी बांधलेला पाय समोर लांब केलेला दिसतो आहे, तरी! एकजण तर माझे 'दहा वेळा' मोजता मोजता मोबाइल बघायचा, त्यामुळे माझे दहा कधी चौदा व्हायचे, कधी सात. "वाकवा, अजून वाकवा," एवढाच मंत्र. भेटायला येणारेही तेच विचारत, "किती वाकतो आता?" जणू गुडघा हा प्राणायामासारखा फुशारकी मारायचा प्रकार आहे.

यात एक घोळ घरच्या मायेने केला. टाक्यांच्या क्लिपा काढायच्या आधीची गोष्ट. पाय ठणकायचा, रात्री झोप नाही. आमच्या वन्सं मुक्कामाला होत्या, त्यांनी गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. काय आराम वाटला म्हणून सांगू! पंधरा दिवस ती उशी मी सोडली नाही. त्या तीन मुलांपैकी एकानेही ती उशी पाहून हूं की चूं केलं नाही.

क्लिपा निघाल्यावर पुढच्या आठवड्यात या सेंटरला गेले. पहिला धक्का पत्त्याचा. गुडघ्यांचं सेंटर पहिल्या मजल्यावर, सतरा पायऱ्या, जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. खाली उभी राहून मी मुलीला म्हटलं, "हे काय, चष्म्याच्या दुकानाची पाटी बारीक अक्षरात?" वरून मॅडमच खाली आल्या. अठ्ठावीस-तीस वर्षांची मुलगी, कुर्ता, पायात बूट, गळ्यात शिट्टी. (शिट्टी का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वाजवलेली एकदाही ऐकली नाही.) माझ्या मागे एक पायरी खाली उभी राहून म्हणाली, "चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी डाव्या हातात." मला ते पाठ होईना, तेव्हा मीच माझं सूत्र केलं: घरधनी आधी चढतो, पाहुणा आधी उतरतो. आता सेंटरमध्ये नव्या माणसाला हेच शिकवतात. त्याचे मी पैसे मागितलेले नाहीत.

काठीवरून आठवलं. उजवा गुडघा बदलला असेल तर काठी डाव्या हातात धरायची असते, कारण उजवं पाऊल टाकताना शरीराचा भार काठीकडे सरकतो. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पेरुगेट ते घर या टप्प्यात मला किमान सहा गृहस्थांनी थांबवून सांगितलं, की मी काठी चुकीच्या हातात धरली आहे. एकाने तर हातातून घेऊन दुसऱ्या हातात दिली.

वर गेल्यावर तिने मला पलंगावर झोपवलं. मी गुडघा वाकवायला घेतला तर म्हणाली, "थांबा. आधी सरळ करा." मी म्हटलं, सरळच आहे. तिने प्लॅस्टिकची दोन हातांची कोनमापकपट्टी काढली, एक दांडी मांडीला, एक नडगीला लावली आणि मला वाचायला लावली. पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य. माझा बारा अंशांवर अडकलेला. वाकत होता अठ्ठ्याहत्तर. मी अठ्ठ्याहत्तरचं दुःख करायला लागले, तर ती म्हणे, "त्याची घाई नाही. मला काळजी या बाराची आहे. घरी गुडघ्याखाली उशी घेता का?"

त्या दिवशी तिने जे समजावलं ते मला कोणी ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं होतं. पाय पूर्ण सरळ झाला की उभं राहताना गुडघा जवळजवळ फुकट उभा राहतो, हाडावर हाड नीट बसतं. तो जरासा वाकलेला राहिला की मांडीचा स्नायू दिवसभर ताणून धरावा लागतो, माणूस लंगडतो, त्या बाजूचा पाय आखूड पडल्यासारखा होतो आणि दुसऱ्या गुडघ्यावर, कमरेवर भार जातो. उशीने आराम वाटतो, कारण सुजलेल्या सांध्याला किंचित वाकलेलंच बरं वाटतं. पण त्याच अवस्थेत मागचे पडदे आखडतात. मग वाकवणं आयुष्यभर जमलं तरी चालणं ठीक होत नाही. वाकण्याचं गणितही तिने कागदावर लिहून दिलं: जिना चढायला साधारण त्र्याऐंशी अंश लागतात, खुर्चीतून उठायला त्र्याण्णव, बसून बुटाची नाडी बांधायला एकशेसहा. "तुम्हाला एकशेचाळीस कशाला हवेत? काय करायचंय ते सांगा."

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, पर्वती. तिने फाइलच्या वर, जिथे निदान लिहितात तिथे, मोठ्या अक्षरात 'पर्वती' लिहिलं.

उशी त्याच दिवशी गेली. तिच्या जागी जुना पंचा घट्ट गुंडाळून टाचेखाली ठेवायचा, गुडघा अधांतरी सोडायचा, दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं. दहा मिनिटं ऐकायला सोपी वाटतात. तिसऱ्या मिनिटाला मी आमच्या यांना किती वाजले विचारायची. पुढच्या आठवड्यापासून गुडघ्याच्या किंचित वर अर्ध्या किलोच्या साबुदाण्याची पिशवी ठेवायची, वजन म्हणून. मग बर्फ. सेंटरमधला जेलपॅक सातशे रुपयांना होता. मॅडम स्वतःच म्हणाल्या, घरी मटारची पिशवी असेल तर तीच पंचात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा, गुडघ्याच्या आकारात नीट बसते. त्या मटारची पुढे उसळ झाली का, हे कोणी विचारू नये.

दुखण्याबद्दल खरं तेच लिहिते. दुसरा ते पाचवा आठवडा वाईट जातो. दिवसा माणसं असतात, वेळ निघते. रात्री तीन वाजता मात्र वाटतं, की होता तो गुडघा बरा होता. मी दोनदा रडले, एकदा सेंटरमध्येच. तिने "काकू, तुम्ही किती धीराच्या" वगैरे काही म्हटलं नाही. तिचा हिशोब सरळ होता: दुखणं दहापैकी किती ते बोटांवर दाखवा, पाचपर्यंत चालू, सहाला थांबायचं. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायची, नंतर नाही. मी आधी 'गोळ्या नकोत' म्हणून शूरपणा करत होते. त्यात काही अर्थ नव्हता, दुखतं म्हणून व्यायाम अर्धवट राहायचा आणि अर्धवट राहिला म्हणून पुन्हा दुखायचं.

सेंटरची खरी खासियत म्हणजे 'गुडघा बॅच'. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकरा. आम्ही चौघी आणि नारायण पेठेतले एक काका, दोन्ही गुडघे एकदम केलेले. प्रत्येकाचा आठवडा वेगळा, त्यामुळे आपण तीन आठवड्यांनी कुठे असू ते समोरच्या पलंगावर दिसतं. डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी जे होत नाही, ते शेजारचीला सायकलचं पायडल पूर्ण फिरवताना पाहून होतं. माझ्याकडून पायडल पहिल्यांदा पूर्ण फिरलं ते सातव्या आठवड्यात. त्याआधी पुढे-मागे झोके घ्यायचे, पाळण्यासारखे. त्या दिवशी काकांनी सगळ्यांना आंबा बर्फी दिली. ती आपल्यासाठी आहे अशा समजुतीत मी होते. नंतर कळलं, त्यांच्या नातवाचा वाढदिवस होता.

हे काका आमच्या बॅचचे इतिहासकार. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान असताना वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला आणि पुढच्या जूनमध्ये उजवा, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. मुद्दा एवढाच, की वाजपेयींनी दोन हप्त्यांत केलं ते यांनी एका हप्त्यात केलं.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मी या सेंटरला डोळे मिटून पाठवीन. रोज व्यायामाच्या आधी ती प्रत्येकाची पोटरी दाबून पाहते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, म्हणून तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतात आणि घोटा वरखाली करायला लावतात. एकदा आमच्यातल्या एकीची पोटरी सुजलेली, गरम आणि दाबली की दुखणारी निघाली. मॅडमनी तिला पलंगावरही चढू दिलं नाही. डॉक्टरांना फोन, रिक्षा, सोबत सेंटरमधली मुलगी. सोनोग्राफीत काही निघालं नाही, पण त्या दिवसाचे पैसेही घेतले नाहीत. व्यायाम करून घेणारे पुष्कळ असतात. आज नाही करायचा, हे ओळखणारं माणूस मला हवं असतं.

आता तक्रारी. जिन्याचं लिहिलंच आहे. दर खेपेला चारशे, बारा खेपा एकदम घेतल्या तर बेचाळीसशे, पण आठ आठवड्यांत संपवल्या नाहीत तर बुडतात. मी लग्नाला नाशिकला गेले त्यात माझ्या दोन बुडाल्या, आणि यावर बाई हलत नाही. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितल्यावर छान मिळते. सायकल एकच, तीही कुरकुरते. तेल घाला म्हणून मी तीनदा सांगितलं, शेवटी घरून मशिनचं तेल नेऊन मीच घातलं. रेडिओ कायम मोठा. आणि फोन दुपारी उचलत नाहीत, हे पेठेत सांगायची गरज नाही.

शेवटच्या महिन्यात पलंगावरचे व्यायाम जवळजवळ बंद झाले. आमची परीक्षा रस्त्यावर. बसची पायरी उंच असते म्हणून नऊ इंची लाकडी ठोकळ्यावर चढउतार, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. पिशवीत खरे बटाटे, दोन किलो. मग मंडईपर्यंत चालत जाऊन यायचं आणि काय आणलं ते दाखवायचं. नवव्या आठवड्यात मी एकटी मंडई स्टेशनावरून मेट्रोने पिंपरीला बहिणीकडे गेले. स्टेशन खोल जमिनीत आहे, पण लिफ्ट आहे. सरकत्या जिन्याच्या वाटेला मी अजूनही जात नाही, पाऊल कधी टाकायचं याचा भरवसा वाटत नाही. तपासणीच्या दारातून गेले तर यंत्र ओरडलं. तिथल्या मुलीने संशयाने पाहिलं. मी साडीवरून गुडघ्यावर टकटक केली आणि म्हटलं, "घरचा आहे." ती हसली आणि मला सोडलं. माझ्या आयुष्यात सरकारी माणसाने इतक्या लवकर सोडल्याची ही पहिलीच वेळ, आणि मी स्वतः सरकारी होते.

काय परत आलं नाही, तेही लिहायला हवं. उकिडवं बसणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं आहे, जमलं तरी करू नका. मांडी घालणं गेलं. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठसमोर हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणायला बसतात, त्यात मी वर्षानुवर्षं जमिनीवर बसत आले. या वेळी घडीचं स्टूल घेऊन गेले आणि कडेला बसले. सगळ्यांच्या डोक्यांच्या वर माझं एकटीचं डोकं, वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखं. दुसऱ्या आवर्तनापर्यंत विसरले. जखमेच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे, निरी घासली तरी कळत नाही. जिना उतरताना कधी कधी आतून टक् असा आवाज येतो. धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना भेटतात, त्याचा असतो म्हणे. गुडघा सहा महिने तरी दुसऱ्यापेक्षा गरम लागायचा. थंडीत पांघरुणाबाहेर काढून झोपावं इतका.

आकडे विचाराल तर सहाव्या आठवड्यात सरळ होण्यात तीन अंश कमी आणि वाकणं एकशेआठ. बाराव्या आठवड्यात सरळ शून्य, वाकणं एकशेअठरा. त्या शून्याचा आमच्या घरी जो आनंद झाला, तो माझ्या बढतीचाही झाला नव्हता. वन्संना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे उशीने फरक पडला तर!"

पाच तारे द्यायचे असतील तर चार. एक तारा जिन्याचा कापला. दोन बुडालेल्या खेपांचा अर्धा कापणार होते, पण अर्धा कापायची सोय नसते.

पर्वतीचं राहिलं. एप्रिलअखेर चाळीस पायऱ्या चढून परत आले. मॅडमची ताकीदच होती, दम शिल्लक असताना वळायचं, कारण उतरणं बाकी असतं, आणि उतरताना मांडीच्या स्नायूला ब्रेक लावावा लागतो, ते चढण्यापेक्षा कठीण. "वर पोचलात की फोन करू नका. खाली आलात की करा." जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, पहाटे पावणेसहाला निघाले. आमचे हे पाण्याची बाटली घेऊन दोन पायऱ्या मागे. पायऱ्या रुंद आहेत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढता येतं. ऐंशीनंतर मी मोजणं सोडलं. वर वारा तसाच होता. नमस्कार केला, उभ्यानेच. पाच मिनिटांनी वळले आणि पाहुण्याला आधी उतरवत, कठड्याला हात लावत एकेक पायरी खाली आले.

मग बरोबर अकरा वाजता, बॅच चालू असणार हे माहीत असताना, घरून फोन केला. मॅडमनी स्पीकरवर टाकला. पलीकडे टाळ्या, रेडिओ आणि सायकलची कुरकुर. काकांचा आवाज आला, "चढायला किती मिनिटं?"

"एकतीस," मी म्हटलं.

"हं," काका म्हणाले. "मला एकोणतीस लागली. दोन्ही गुडघ्यांवर."